म्हातारा एडी

परवा संध्याकाळी कॅम्पातली चार पोरं दुकानात शिरली. त्यातला मोठा बारा-तेरा वर्षांचा असेल. काखेत फ्रिजच्या खोक्याचा कापलेला पुठ्ठा. "पेंटर अंकल, ओल्डमॅनचं तोंड करून द्या की. डेंजर पाहिजे हां."

बेळगावबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. आमच्याकडं ३१ डिसेंबरच्या रात्री बारा वाजता ओल्डमॅन जाळतात. मूळची कॅम्पातली रीत, आता गावभर पसरलीय. जुनी पँट, जुना शर्ट, आत पिंजर नि रद्दी कोंबायची, पोटात फटाके ठेवायचे, डोक्यावर टोपी चढवायची. सरत्या वर्षाचा म्हातारा. तयार ओल्डमॅन विकायलाही असतात, पण पोरांना स्वतः केलेलाच जाळायचा असतो. हात-पाय जमतात, तोंडापाशी गाडी अडते, मग माझी आठवण होते. फ्लेक्स आल्यापासून माझे ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यातून बाहेर येतात ते वर्षातून दोन-चार वेळा. त्यातली ही एक वेळ.

आणि "डेंजर" म्हटलं की माझा हात गेली सत्तावीस वर्षं एकाच तोंडाकडं वळतो. हाडाला चिकटलेली कातडी, ओठ नसलेले दात, खोबणीत खोल गेलेले दोन ठिपके, वर पिंजारलेले केस. पुठ्ठ्यावर खडूनं चार रेघा मारल्या तर एडी उभा राहिला. आयर्न मेडन या इंग्लंडच्या हेवी मेटल बँडच्या कव्हरांवरचं भूत.

तेवढ्यात मोबाईल वाजला. बेंजोचा मेसेज. बेंजो म्हणजे माझा कॉलेजच्या वयापासूनचा दोस्त. वडगावात राहतो, बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवतो, वराती करतो, म्हणून बेंजो. तो मला पेंटर म्हणतो. खरी नावं आम्ही आधार कार्डापुरती ठेवलीत. मेसेज असा: "अठरावा २०२७ ला. लिहून ठेव."

गेले दोन आठवडे आमचं हेच चाललंय, मेडनचा अठरावा अल्बम कधी येणार. बास गिटारवाल्या स्टीव्ह हॅरिसनं हा बँड पूर्व लंडनमधल्या लेटनला १९७५ च्या नाताळच्या दिवशी काढला, म्हणजे २०२५ च्या नाताळाला पन्नास वर्षं भरली. पहिला अल्बम १९८० चा, सतरावा सेनजुत्सू, ३ सप्टेंबर २०२१. अठराव्याचं नाव नाही, तारीख नाही, काही जाहीर नाही. जिथं काही जाहीर नसतं तिथं आम्हाला बोलायला जास्त जागा मिळते.

आता कुणी म्हणेल, चाळिशी उलटलेल्या माणसांनी परदेशातल्या म्हाताऱ्यांच्या पुढच्या अल्बमवर रात्री एकपर्यंत डोकं का शिणवावं? माझी बायको म्हणतेच. तिला मी एवढंच सांगतो, ही खोड आम्हाला त्या बँडनंच लावली. कशी ते सांगतो.

१९९८ साल. मी सोळा वर्षांचा, खडेबाजारात एका उस्तादांच्या हाताखाली बोर्ड रंगवायला शिकत होतो. उस्ताद मराठी, कन्नड, उर्दू, इंग्रजी, चारही लिप्या एकाच हातानं लिहायचे आणि कुठल्याही लिपीत काना-मात्रेचा तोल जाऊ द्यायचे नाहीत. एक दिवस इंजिनिअरिंगचा एक पोरगा काळा टीशर्ट आणि एक कॅसेट घेऊन आला. कॅसेटच्या कव्हरवरचं भूत टीशर्टच्या छातीवर पाहिजे म्हणाला. उस्तादांनी बघितलं, "असलं अभद्र मी नाही करत" म्हणून माझ्याकडं सरकवलं.

कव्हर काडेपेटीपेक्षा जरासं मोठं. त्यात एक भविष्यातलं शहर, रात्र, निऑनच्या पाट्या, आणि मधोमध बंदूक घेतलेला एडी. मोठं करून काढायचं तर बारकावे दिसायला हवेत. शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे मामा बसायचे. त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग मागून घेतलं आणि दुपारभर त्या कव्हरात उतरलो. मामा मधूनच म्हणाले, "काय बघायलास रे एवढं?"

"घड्याळ आहे आत, मामा."

"किती वाजलेत?"

"तेवीस अठ्ठावन्न."

"म्हणजे बाराला दोन मिनिटं. बंद पडलंय का चालू आहे तेवढं बघ."

मामांचा विनोद तेव्हा मला विनोदच वाटला. बाराला दोन मिनिटं कमी हे त्या बँडच्या १९८४ च्या एका गाण्याचं नाव आहे, आणि चितारणाऱ्यानं ते घड्याळात लपवलंय, हे वर्षानं कळलं. मग कळत गेलं की त्या कव्हरवर असलंच सगळं आहे. हॉटेलाचं नाव जुन्या गाण्यावरून, बारचं नाव जुन्या गाण्यावरून, नाट्यगृहाचं नाव तसंच, आकाशातून एक पंख जळालेला माणूस पडतोय तोही जुन्या गाण्यातला. एका पाटीवर फुटबॉलचा निकाल, वेस्ट हॅम ७, आर्सेनल ३. हॅरिस वेस्ट हॅमचा कट्टर भक्त, त्यामुळं तेवढी मोकळीक त्यानं घेतली. आणि कुठंतरी उलट्या अक्षरांत चित्रकारानं लिहून ठेवलंय की हे फार कंटाळवाणं चित्र आहे. ते पुढं मोठ्या पोस्टरवर मी पहिल्या नजरेत वाचलं. दुकानांच्या काचेवर आतल्या बाजूनं उलटं लिहायची आम्हा पेंटर लोकांना सवय असते. डेरेक रिग्ज त्या चित्रकाराचं नाव. प्रत्येक कव्हरवर तो आपली छोटीशी खूण कुठंतरी लपवायचा. मी तीनशे-चारशे बोर्ड रंगवले, एकावरही स्वतःची खूण लपवायची छाती झाली नाही. आता वाटतं, करायला हवं होतं.

त्या पोरानं टीशर्ट नेला आणि पैशांऐवजी कॅसेट देऊन गेला. म्हणजे चित्र आधी आणि गाणी मागून, असा माझा या बँडमधला प्रवेश. सोमव्हेअर इन टाइम, १९८६. हॅरिसच्या बासची ती टगडग-टगडग चाल पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला स्टेशनबाहेरचा टांगा आठवला. बोटांनी वाजवतो तो, हातात पट्टी घेत नाही. ज्यांनी टांगा ऐकलेला नाही त्यांना ही चाल समजावणं कठीण आहे.

तर सांगायचं हे की ज्यांनी पोरवयात भिंग लावून एका कव्हरात नावं शोधली, त्यांना चाळिशीत "गप बसा, अल्बम येईल तेव्हा येईल" सांगून उपयोग नसतो. आणि बँडही खाज कमी होऊ देत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात काय केलं त्यांनी? कुठलंही नाव न घालता 'बेलशाझारची मेजवानी' अशी पोस्टरं लावली. मुलाखतीत बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन त्याच मजकुराचा टीशर्ट घालून बसला. जगभर लोक चिकित्सा करत बसले. मी कॅम्पातल्या एका ख्रिस्ती गिऱ्हाइकाला विचारलं, त्यांनी बायबलातली गोष्ट सांगितली. राजा मेजवानीत दंग असतो आणि एक अधांतरी हात येऊन भिंतीवर अक्षरं लिहितो. कुणाला वाचता येत नाहीत. भिंतीवर लिहिणारा हात म्हटल्यावर मी तर खूशच झालो, आमच्याच धंद्यातला माणूस. बेंजोला ठासून सांगितलं, अल्बमचं नाव भिंतीवरच्या लिखाणावरून असणार, लाव शंभर रुपये. १५ जुलैला त्या नावाचं गाणं आलं. मी जिंकलो म्हणून चहा पाजला. चार दिवसांत अल्बमचं नाव जाहीर झालं, सेनजुत्सू. शंभर गेले, चहाचेही गेले.

म्हणून यंदा मी पैज लावत नाही. पण हिशेब करायला कोण अडवतंय?

मी आधी शिडी मांडली होती. २००० नंतरचे अल्बम बघा. २०००, २००३, २००६, २०१०, २०१५, २०२१. मधलं अंतर तीन, तीन, चार, पाच, सहा. पुढचं सात. म्हणजे २०२८. वहीच्या पानावर इतकं देखणं दिसत होतं की मी फोटो काढून पाठवला.

बेंजोनं दोन मिनिटांत शिडी मोडली. सेनजुत्सू रेकॉर्ड झाला २०१९ ला, पॅरिसच्या गिओम टेल स्टुडिओत. मग करोना आला, आणि पठ्ठ्यांनी दोन वर्षं तयार माल कपाटात ठेवला, एक सूर बाहेर फुटला नाही. त्याच्या आधीचा बुक ऑफ सोल्स, त्याचं रेकॉर्डिंग २०१४ ला संपलेलं. तो अडकला ब्रूसच्या जिभेच्या कॅन्सरमुळं. म्हणजे खरा हिशेब २०१४ आणि २०१९, अंतर पाच. त्या मापानं अठरावा २०२४ लाच रेकॉर्ड व्हायला हवा होता. "झाला असेल की," बेंजो म्हणतो, "कपाटात असेल. ह्यांना लपवायची कला येते."

मला हे पटत नाही. २०२४ ला ब्रूस स्वतःचा अल्बम घेऊन फिरत होता, मार्चमध्ये आलेला. त्याच वर्षाच्या शेवटापर्यंत बँडचा दौरा चालू. २०२५ च्या २७ मेपासून बुडापेस्टहून नवा दौरा, पन्नाशीचा, तो २०२६ लाही ठरलेला आहे. वाजवायच्या यादीत फक्त १९८० ते १९९२, पहिले नऊ अल्बम. तेहेतीस वर्षांतलं काहीच नाही. बरेच लोक म्हणतात, हा निरोपाचा हिशेब आहे, जुनी वही उघडून शेवटची बेरीज. मी म्हणतो, दुकानदार जुना माल पुढं मांडतो तेव्हा मागं नवा रचायला जागा करत असतो. पण तो रचला जाईल दौरा थांबल्यावर. २०२७ च्या आत काही हाती लागेल असं मला दिसत नाही, आणि एवढ्यापुरता बेंजो नि मी एकाच गावात आहोत.

खरं भांडण पुढं आहे. ड्रमवर कोण?

निको मॅकब्रेन. १९८२ ला बँडमध्ये आला, आणि १९८३ च्या अल्बममध्ये पहिल्या गाण्याच्या पहिल्याच क्षणाला ड्रमवर असा काही कोसळतो की बाकीच्यांना आत यायला त्याची परवानगी घ्यावी लागते. एकच बास ड्रम, एकच पेडल, तेही अनवाणी पायानं. बाकीचे मेटलवाले दोन-दोन पेडलांवर शिलाई मशीन चालवल्यासारखे पाय मारतात. निकोनं जवळजवळ आयुष्यभर एका पायावर भागवलं. बेंजोचा हा देव. त्याच्या घरी माळ्यावर जुना ड्रमसेट आहे, पेडलची स्प्रिंग तुटली तेव्हा सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून त्यानं निकोची चाल बसवली होती. शेजारच्या काकूंनी तक्रार केली ती आवाजाची नव्हती. "एकच एक काय वाजवतोस, गाणं तरी म्हण" अशी होती.

जानेवारी २०२३ मध्ये निकोला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. तरी मे महिन्यात तो दौऱ्यावर बसला, आणि ऑगस्टपर्यंत लोकांना सांगितलंही नाही. आधीचे भरगच्च तुकडे हाताला येत नव्हते, तर ते सोडून वाजवलं. ७ डिसेंबर २०२४ ला साओ पावलोला शेवटचा कार्यक्रम केला आणि दौऱ्यांतून निवृत्त झाला. आता मागं बसतो सायमन डॉसन, हॅरिसच्या ब्रिटिश लायन या दुसऱ्या बँडचा ड्रमर.

निवृत्ती दौऱ्यांतून आहे, हा शब्द बेंजोनं घट्ट धरलाय. "स्टुडिओत बसेल की. दोन तास घाम गाळायचा नाही, एक गाणं चार दिवसांत वाजवलं तरी चालतं. अठरावा निकोच वाजवणार."

मला आधी हे भाबडं वाटलं. हॅरिस स्टेजवर ज्याच्याबरोबर वाजवतो त्यालाच स्टुडिओत बसवणार, उगीच दोन घरं कोण सांभाळतो? पण मग एका रात्री कुमार गंधर्व आठवले. आपल्या सुळेभावीचे, इथून हाकेच्या अंतरावर जन्मलेले. माझ्या आजोबांना त्यांचं भयंकर वेड होतं. क्षयानं एक फुप्फुस निकामी झालं, काही वर्षं गाणं बंद, आणि परत गायला बसले तेव्हा लांबलचक ताना बाजूला ठेवून छोटे, तुटक, चमकून जाणारे तुकडे घेऊन आले. आजोबा म्हणायचे, आजारपणाआधीचा मुलगा फार तयारीचा होता, नंतरचा माणूस गवई झाला. निकोनं २०२३ मध्ये हात चालेना म्हणून जे सोडलं, त्या सोडण्यातून एक वेगळी चाल तयार झाली असेल तर? ती रेकॉर्डवर अजून आलेलीच नाही. आपण ऐकलेला शेवटचा रेकॉर्ड झालेला निको २०१९ चा, धडधाकट. त्र्याहत्तरीचा, झटक्यानंतरचा निको एका नव्या गाण्यात कसा वाजेल, हे ऐकायला मी शंभर काय पाचशे लावीन. बेंजोला हे लिहून पाठवलं तर तासभर उत्तर नाही. मग आलं, "वरात होती. वाचलं. पुन्हा वाचणार आहे."

लांबीवर मात्र आम्ही कधीच जुळणार नाही. बुक ऑफ सोल्स ९२ मिनिटं, सेनजुत्सू ८० च्या वर. सेनजुत्सूची शेवटची तीन गाणी हॅरिसची, तिन्ही दहा मिनिटांच्या पुढची, आणि तिन्हींची सुरुवात तीच हळू गिटार. मला एकामागून एक ऐकताना कुठलं संपलं नि कुठलं लागलं याचा पत्ता लागत नाही. गिटारवाला ॲड्रियन स्मिथ आणि ब्रूस मिळून लिहितात ती चार-सहा मिनिटांची गाणी मला जास्त घट्ट वाटतात. बोर्ड रंगवताना उस्ताद सांगायचे, अक्षरांपेक्षा मोकळी जागा जास्त लक्ष देऊन काढायची. मला अठरावा ४५ मिनिटांचा पाहिजे. आठ गाणी, कॅसेटच्या दोन बाजूंत मावणारी.

बेंजोचं म्हणणं उलट. लांब गाणं म्हणजे विलंबित, त्याला बैठक लागते, तुझ्या बुडाला खिळे आहेत. असू देत.

आता कव्हर. इथं मी कुणाचं ऐकून घेत नाही. २००३ च्या डान्स ऑफ डेथचं कव्हर बघितलंय का? नसेल तर बघू नका. कॉम्प्युटरवर घडवलेल्या अर्ध्याकच्च्या बाहुल्या. चित्रकारानं काम अर्धं असताना दाखवलं, बँडला तेच आवडलं, तेच छापलं, आणि त्या बिचाऱ्यानं आपलं नाव काढून टाकायला लावलं. त्याचं दुःख मला माहीत आहे. एका दुकानदारानं माझ्याकडून नव्या बोर्डाचा रफ मागितला, मी वर्तमानपत्राच्या मापाच्या कागदावर पेन्सिलनं काढून दिला, कन्नड ओळ वर, मराठी खाली, अंतर नंतर बघू म्हणून अंदाजे. त्यानं तो कागद मोबाईलवर काढून परस्पर फ्लेक्सवाल्याकडं दिला. दहा फुटी फ्लेक्सवर माझी पेन्सिलची खाडाखोडसुद्धा आली. सहा महिने मी त्या रस्त्यानं गेलो नाही.

एडी आत्तापर्यंत सगळं होऊन गेलाय. फेरो झाला, वैमानिक झाला, सैनिक झाला, माया संस्कृतीत जाऊन आला, सामुराई झाला. पुढं काय, यावर लोक काय काय सुचवतात. बेंजोला मावळा एडी पाहिजे, राजहंसगडावर उभा. मी म्हटलं, बाबा, हातात झेंडा कुठला देणार? इकडचा दिला तर तिकडं गुन्हा, तिकडचा दिला तर इकडं मोर्चा. आणि मागं पाटी दाखवलीस तर साठ टक्के कन्नड लागेल. एडीला बेळगावात आणू नकोस, सुखानं मेलाय तो.

तसा तो बँड या देशात आला तेव्हा आमच्यापासून एका रात्रीच्या अंतरावर आला होता. १७ मार्च २००७, बेंगळुरू, पॅलेस ग्राउंड्स. राणी चन्नम्माच्या जनरल डब्यात बेंजो आणि मी. घरी सांगितलेलं, मुलाखतीला जातोय. तिकिटाचे पैसे निघावेत म्हणून मी सहा काळ्या टीशर्टांवर एडी रंगवून नेले होते. आदल्या रात्री रंगवलेले, इस्त्री फिरवून रंग पक्का करायला वेळ मिळाला नाही. चार गेटवर विकले गेले, दोन आम्ही घातले. आधी आपल्याकडचा परिक्रमा हा रॉक बँड वाजवून गेला, हॅरिसची मुलगी लॉरेन गाऊन गेली, आणि मग ते सहा जण आले. पुढच्या दोन तासांबद्दल मला नीट काही सांगता येत नाही. हजारो माणसं गिटारची धून शब्दांशिवाय गात होती, मीही गात होतो, रडत होतो की काय तेही आठवत नाही. परतीच्या गाडीत शर्ट काढला तर घामानं एडी छातीवर उतरलेला. उलटा, आरशातल्यासारखा. बेंजोच्या छातीवर पण. आम्ही विकलेल्या चौघांचं काय झालं असेल देव जाणे. कुणी शोधत आलं नाही एवढं खरं.

२००८ ला मुंबईत आले, २००९ ला पुन्हा बेंगळुरूत. त्यानंतर नाहीत. त्यामुळं नव्या अल्बमची चर्चा सुरू झाली की आमच्या दोघांच्या पोटात दुसराच हिशेब चालू असतो, दौरा निघाला तर इकडं फिरकतील का. त्यावर आम्ही मोठ्यानं बोलत नाही.

तर पुठ्ठ्याकडं परत येतो. पोरं गेली, मी शटर अर्धं ओढलं आणि रंगवायला बसलो. नेहमीचा एडी दहा मिनिटांचं काम. पण डोक्यात ओल्डमॅन हा शब्द फिरत होता. जुन्या सहा जणांत सगळ्यात लहान ब्रूस, तो ६७ वर्षांचा. कव्हरवरचा एडी मात्र १९८० पासून त्याच वयाचा. त्यांना अठराव्यावर एकदा म्हातारा एडी का काढावासा वाटू नये? मला सुचवायला सांगितलं तर हेच सुचवीन. घोडा नाही, तलवार नाही, खुर्चीत बसलेला म्हातारा एडी. गाणीही तशीच असावीत. वेग थोडा उतरलेला चालेल, ब्रूसनं वरचे सूर सोडले तरी चालतील.

पण काढायला बसलो आणि अडलो. मढ्याला म्हातारं कसं करायचं? सुरकुत्या काढाव्यात तर कातडी आधीच फाटलेली. दात पाडावेत तर तो नुसता कवटी दिसायला लागला. केस पांढरे केले, ते तर मूळ चित्रातही कधी कधी पांढरेच असतात. दोनदा पुसलं. मग उस्तादांची आठवण झाली, ते देवांच्या तसबिरी करायचे तेव्हा वय पापणीत ठेवायचे. खोबणीवर वरून एक पापणी सोडली, अर्धी मिटलेली, बर्न्ट सिएनाचा पातळ हात. आतला लाल ठिपका होता तसाच ठेवला, फक्त जरा खाली सरकवला, समोरच्यावर न रोखता समोरच्याच्या हातांकडं बघितल्यासारखा. खालचा जबडा एका बाजूला सूतभर उतरवला. उजव्या बाजूला. ते हातानं आपोआप केलं, निकोचं नंतर लक्षात आलं. आणि एडी सत्तरीचा झाला.

फोटो काढून बेंजोला पाठवला. रात्री पावणेबाराला उत्तर आलं. "भारी. पण ड्रमवर कोण बसलंय ते काढलं नाहीस की."

काल संध्याकाळी पोरं आली. मोठ्यानं पुठ्ठा उचलला, लांब धरला, जवळ धरला. धाकटा म्हणाला, "हा तर आमच्या पप्पांच्या पप्पांसारखा दिसतो." मोठा जरा अवघडून म्हणाला, "अंकल, चांगलाय. पण डेंजर नाही. हा जाळायला कसातरी वाटतो."

मग खोक्याचा दुसरा तुकडा घेतला. त्यांच्या डोळ्यांदेखत नेहमीचा एडी काढून दिला, दात विचकलेला, डोळ्यात आग, केस उभे. दहा मिनिटं. पोरं खूश. पन्नासची नोट दिली आणि दहा परत मागितले, फटाक्यांना कमी पडत होते म्हणे.

म्हातारा टर्पेंटाइनच्या डब्यांमागं टेकवून ठेवलाय. थंडीनं इनॅमल अजून वाळलेलं नाही.